अदी नावाची पोर

मानपाड्याच्या बायजाला दोन लेकरं झाली आणि दोन्ही गेली. पहिली मुलगी. सासूनं, आवडाबाईनं, तिचं नाव मोठ्या हौसेनं चंद्रभागा ठेवलं होतं. बारशाला अख्खं गाव जेवलं, आणि महिना सरायच्या आत पोर जुलाबानं गेली. पुढं मुलगा झाला तेव्हा आवडाबाईनं शहाणपण केलं. गोड नाव ठेवलं की सटवाईची नजर जाते, म्हणून त्याला धोंडू म्हणायचं ठरलं. धोंडा कोण उचलून नेतंय? पण तोही ओटीवरून अंगणात उतरायला शिकला आणि एका श्रावणात तापानं गेला.

तेव्हापासून बायजाच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली. आपण ठेवलेलं नाव पोराला लाभत नाही. ती हे कुणाला बोलली नव्हती. नवरा काळुराम भला होता, पण असल्या गोष्टी ऐकल्या की उठून बाहेर जायचा. पावसाळ्यात स्वतःची दोन खाचरं कसायची आणि उन्हाळ्यात मिठागरावर राबायचं, एवढं त्याचं जग. तिसऱ्या मुलाची वाट बघायचं दोघांनीही न बोलता सोडून दिलं होतं.

अठ्ठेचाळीस सालच्या माघात बायजा वालाच्या शेंगांची पाटी घेऊन कल्याणच्या बाजाराला गेली. स्टेशनाबाहेरचं मैदान माणसांनी फुलून गेलेलं होतं. सिंधमधून आलेली कुटुंबं आपापल्या ट्रंका आणि वळकट्या टाकून बसली होती. घर सोडून आलेल्या या माणसांना पलीकडच्या लष्कराच्या रिकाम्या बराकींत ठेवणार आहेत, एवढं बायजाच्या कानावर होतं. शेंगा विकून ती परत निघाली तेव्हा टांग्यांच्या घोड्यांना पाणी पाजायच्या हौदाआड तिला एक पोर दिसली. तीनेक वर्षांची असावी. तांबड्या छिटाचा झगा, नाक वाहतंय, डोळे तापानं लाल. बायजा वाकली तशी पोरीनं पाटीची कड दोन्ही हातांनी धरली.

"नाव काय गो तुजं?"

"अदी," पोर म्हणाली.

"आयस कुठं हाय तुजी?"

"अदी."

"कोनाची तू?"

"अदी! अदी!" आणि पोरीनं भोकाड पसरलं.

बायजा तिला घेऊन मैदानभर फिरली. माणसं स्वतःच्याच दुःखात होती. कुणी मान हलवली, कुणी बघितलंच नाही. पोलीस शिपाई म्हणाला, "कॅम्पात ने. तिथं हापीस आहे." मग बायजा पोरीला कडेवर मारून वालधुनी नदी ओलांडून कॅम्पात गेली. तिथला कारकून कल्याणकडचाच होता, दिवसभर बोलून त्याचा घसा बसला होता.

"नाव काय हिचं?"

"अदी बोलतं ती."

कारकुनानं एका शिपायाला पत्र्याचा कर्णा देऊन पिटाळलं. शिपाई बराकींमधून ओरडत गेला, "अदी नावाची पोर सापडली हो! अदी कोणाची आहे?" बायका दाराशी आल्या. काही हसल्या, एकमेकींकडे बघून काही पुटपुटल्या आणि आत गेल्या. एक म्हातारी मात्र हापिसापर्यंत आली. पोरीला बघून, हात हलवून, आपल्या भाषेत तिनं कारकुनाला खूप वेळ काहीतरी समजावून सांगितलं. कारकुनाला त्यातलं अक्षर कळलं नाही. त्यानं हात जोडले आणि म्हातारी निघून गेली.

"अजून माणसं यायची आहेत," कारकून बायजाला म्हणाला. "कोणी धर्मशाळेत आहेत, कोणी रेल्वेच्या शेडमध्ये. सोमवारी सगळ्यांना इथं बोलावतो. ज्यांचं कोण हरवलंय ते सोमवारी येतील. तोवर ठेवशील का हिला? इथं मी कुठं ठेवू?"

बायजानं मान डोलावली. तिचं गाव लिहून घ्यायचं कारकुनाला सुचलं नाही.

घरी आवडाबाई आधी कडाडली. कुठल्या मुलखाची, कुठल्या जातीची, उचलून आणली म्हणून. पण पोरीचं अंग चटचट भाजत होतं, तेव्हा तिनंच काढा उकळला. दिवेलागणीला पोर दारात जाऊन उभी राहायची आणि बाहेरच्या अंधाराकडे तोंड करून हाका मारायची, "अदी! ए अदी!" बायजा धावत जाऊन तिला उचलायची. "व्हय गो, अदी. माजी अदी ती. हाय मी, हाय." पोर तिच्या तोंडाकडे बघत राहायची. मग तिच्या खांद्यावर डोकं टाकून मुसमुसायची.

सोमवारी सकाळी पोरीचा ताप उतरला होता. तिनं पहिल्यांदा गूळभात मागून खाल्ला आणि बायजाच्या मांडीवर झोपली. काळुरामानं बैल जुंपायला घेतले होते.

"चल ना, कॅम्पात जायचाय."

"ताप हाय तिना अजून," बायजा म्हणाली.

काळुरामानं झोपलेल्या पोरीच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं. त्यानं बायजाकडे बघितलं, बाहेर गेला आणि बैल सोडले. पुढच्या सोमवारी दोघांनीही तो विषय काढला नाही.

बायजानं मनाशी त्याचा अर्थ लावला होता. ही पोर स्वतःचं नाव घेऊन आली. ते आपण ठेवलेलं नाही, पाळण्यात घातलेलं नाही, ते आपल्या कुळातलंही नाही. सटवाईला हिचा पत्ता लागायचा नाही. आणि खरंच, गोवर आली नि गेली, डांग्या खोकला आला नि गेला, पोर वाढत राहिली. बायजा गावच्या शाळेत तिचं नाव घालायला गेली तेव्हा डोंबिवलीहून येणारे त्र्यंबक गुरुजी म्हणाले, "अदी? अदिती असेल. अदिती म्हणजे देवांची माता. फार जुनं नाव आहे, बायजाबाई." बायजाला इतका आनंद झाला की तिनं गुरुजींना टोपलीभर काकड्या पाठवल्या. शाळेत पोर अदिती झाली. घरात आणि शेतात अदीच राहिली. सिंधीचा एक शब्द तिला आठवत नव्हता. आगरी बायांसारखं कासोटा घालून ती बायजाच्या मागं चिखलात उतरायची आणि सासूसुनेच्या भांडणात आजीची बाजू घ्यायची.

अशी सहा वर्षं गेली.

चोपन्न साल लागलं होतं. वालाला शेंगा लगडल्या होत्या. एका दुपारी डोक्यावर पापडांचा डबा घेतलेली एक सिंधी बाई दारात आली. या बाया आताशा कॅम्पातून दूरदूरपर्यंत पापड विकत यायच्या. ऊन चढलं होतं. बायजानं तिला ओटीवर बसवलं, तांब्या दिला.

"नाव काय गो बाय तुजं?"

"पोपटी."

बायजाला हसू आवरेना. "पोपटी? ती तं आमी मडक्यात भाजून खाताव! वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, वरून आग. बस जरा, खाऊनच जा."

पोपटीबाईही हसली. तिचं मराठी अर्धं हिंदीतलं होतं, पण सहा वर्षं दारोदार फिरून चांगलं चालतं झालं होतं. "नाही नाही. हमारे में पोपट म्हणजे... ते फुलावर बसतं ना, रंगवाला, उडतं?" तिनं दोन्ही हातांचे पंख करून दाखवले.

"फुलपाखरू?"

"हां, फुलपाखरू. माझी माँ बोलायची, तू जन्मली तेव्हा एकदम हलकी होती. म्हणून पोपटी."

"आनि आमचेकडं पोपट म्हंजे राघू! हिरवा, चोचीवाला." दोघी पुन्हा हसल्या. बायजाला ती बाई आवडली. पोपटीबाईनं डब्याचं झाकण काढलं आणि एक पापड तिच्यापुढं धरून म्हणाली, "अदी, हा बघ. मिरीवाला आहे."

बायजा चमकली. "माझ्या पोरीचं नाव तुना कसं ठाव?"

"कुठलं नाव?"

"अदी. आता बोललीस ना."

"ते नाव नाही, ते मी तुला बोलले." पोपटीबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अदी म्हणजे बहीण. मोठी बहीण. तुमच्यात ताई बोलतात, आमच्यात अदी. रस्त्यावर कोण बाई भेटली तरी आम्ही अदी बोलतो. हे कोणाचं नाव नसतं गं."

बायजानं तो पापड घेतला नाही. तिच्या डोळ्यांपुढं दारात उभी असलेली ती एवढीशी पोर आली. अंधाराकडे तोंड करून हाका मारणारी. ती नाव सांगतच नव्हती. हौदाआडही नाही, हापिसातही नाही. ती बहिणीला हाका मारत होती, आणि बायजा तिला उचलून पुन्हापुन्हा सांगत होती, हाय मी, हाय.

तेवढ्यात अदी शाळेतून आली. पाटीदप्तर टाकून तिनं डब्यात डोकावून बघितलं. पोपटीबाईची नजर तिच्यावरून हलेना. पोरीचे डोळे घारे होते. गावाला त्याची सवय झाली होती, आज बायजाला ते नव्यानं दिसले.

"कुठली गं ही?" पोपटीबाईनं हळूच विचारलं.

"माजी पोर हाय," बायजा म्हणाली. "कुठली म्हंजे? माजी."

पोपटीबाईनं डब्याचं झाकण लावलं. डबा डोक्यावर घेऊन ती निघाली. पोपटी खायला ती थांबली नाही आणि बायजानंही तिला थांबवलं नाही.

त्या दिवसानंतर बायजाला पोरीला हाक मारता येईना. त्या हाकेत तिला त्या पोरीचंच रडणं ऐकू यायचं. ती "पोरी" म्हणू लागली, "बाय" म्हणू लागली. दोन दिवसांत अदीच्या ते लक्षात आलं.

"आये, तू माझेवर रागवलीस?"

"नाय गो."

"मंग माजं नाव का नाय घेत?"

बायजानं तिला जवळ ओढलं आणि विचारलं, "तुना लहानपनचं काय आठवतं का? माझे आधीचं?" पोरीनं खूप विचार करून सांगितलं, "घोडा." पुढं काही नाही.

काळुरामाला तिनं सगळं सांगितलं. तो विडी ओढत ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे बहीन व्हती तिना."

"व्हय."

"आता कुठं असल काय म्हायती. तू गप ऱ्हा. सोमवारचं तुना नि मना ठाव, तिसऱ्या कोनाला नाय."

पण बायजाला गप्प राहणं जमेना. कुत्रं भुंकलं तरी ती दाराकडे बघायची. पोपटीबाई आली नाही, आठवडा गेला, दोन गेले. वाल सुकत आले. बायजाला वाटू लागलं की टळलं. आणि एका रविवारी बांधावरून दोन बाया येताना दिसल्या. पुढं पोपटीबाई. डोक्यावर डबा नव्हता. मागं अठरा-एकोणीस वर्षांची एक तरुण बाई, डोक्यावर पांढरी ओढणी, पावलं अशी की पळावंसं वाटतंय पण पळत नाही.

अंगणात येऊन ती तरुण बाई थांबली. अदी आजीबरोबर चिंचा फोडत बसली होती. बाईनं ओठ दाबून धरले आणि पोपटीबाईला काहीतरी सांगितलं.

"पाय बघायचा म्हणते," पोपटीबाई म्हणाली. "उजवा पाय."

अदीचे पाय धुळीनं माखलेले होते. बायजानंच तांब्या आणला, पोरीला पायरीवर बसवलं आणि स्वतःच्या हातानं तिचा पाय धुतला. उजव्या पायाची दोन बोटं नखांपर्यंत जुळलेली होती. सहा वर्षं रोज बघितलेली. आवडाबाई ती लक्षुमीची खूण आहे म्हणायची.

तरुण बाई खाली बसली आणि तिनं जवळ बोलवायला हात पुढं केले. "सभागी," ती म्हणाली. "अच, सभागी. अच."

अदीनं मागं वळून बघितलं, कुणाला हाक मारतेय म्हणून. मागं कुणी नव्हतं.

"अभागी?" आवडाबाई फणकारली. "भरल्या घरात येऊन पोरीना अभागी बोलतं? कोन तू?"

"आजी, अभागी नाही, सभागी," पोपटीबाई घाईघाईनं म्हणाली. "भाग्यवाली. हिचं खरं नाव ते. ही हिची बहीण, सख्खी. कॅम्पात माझ्या शेजारी राहते, हिलाच शोधत होती."

"बहीन?" अदीनं त्या अनोळखी बाईकडे बघितलं. "नाव काय तुजं?"

त्या बाईला मराठी कळत होतं, बोलायला अडत होतं. "माझं नाव लाजवंती होतं," ती म्हणाली. "लग्नात बदललं. आमच्यात बदलतात. आता सासरी जमुना बोलतात. लाजी बोलणारं कोणी राहिलं नाही." तिनं छातीवर हात ठेवला. "तू मला अदी बोलायची. मी अदी."

"अदी मी हाय," पोर म्हणाली.

"नाही, राणी. अदी मी."

"अदी मी हाय! आये, सांग ना हिना. अदी माजं नाव हाय!"

बायजानं तांब्या उचलून बाजूला ठेवला. पोरीनं आधी तिच्याकडे, मग आजीकडे बघितलं आणि पडवीत पळत जाऊन दार लावून घेतलं.

जमुनानं सगळं सांगितलं, थांबत थांबत. स्टेशनाबाहेर आईला चक्कर आली म्हणून ती पाणी आणायला गेली. तेव्हा ती बारा वर्षांची होती. सभागीला वळकटीवर बसवलं, हलू नको म्हणून सांगितलं. नळावर रांग होती. परत आली तर वळकटीवर कुणी नव्हतं. ते रेल्वेच्या शेडमध्ये राहिले आणि ती बाजारभर, टांगेवाल्यांना, हमालांना विचारत फिरली, सभागी बघितली का, सभागी? मग कुणीतरी सांगितलं, कॅम्पात सोमवारी हरवलेल्यांना बोलावतात.

"आई आणि मी गेलो," जमुना म्हणाली. "सकाळपासून बसलो. तिथला माणूस म्हणाला, एक पोर सापडली होती, पण तिचं नाव दुसरं होतं, आणि बाई तिला घेऊन आली नाही. आई पुढच्या सोमवारी गेली. त्याच्या पुढच्या पण. मी सांगायची, दुसरी कोणाची पोर असेल. आई बोलायची, बघू तर दे. पावसाच्या आधी आई वारली."

काळुराम खांबाला टेकून उभा होता. त्यानं बायजाकडे बघून बारीकशी मान हलवली, बोलू नकोस म्हणून. बायजाला ते दिसलं.

"मीच ती बाय," ती म्हणाली. "मना सोमवारी बोलवलेलं. पोरीचा ताप उतरलेला, बैल जुंपलेले. मी नाय आली. ताप हाय असं खोटं बोलली."

पोपटीबाईनं ते सिंधीत सांगायला तोंड उघडलं, पण जमुनाला समजलं होतं. ती उठली. पुढं ठेवलेला पाण्याचा तांब्या तसाच होता. तिनं पडवीच्या बंद दाराकडे एकदा बघितलं आणि आली त्या बांधानं निघून गेली. पोपटीबाई तिच्या मागं धावली.

त्या दिवसापासून अदी कुठल्याच नावाला ओ देईना. घरात अदी म्हटलं की म्हणायची, "ते माजं नाव नाय." आजीनं एकदा लाडानं सभागी म्हणून बघितलं तर म्हणाली, "ते बी नाय." शाळेत गुरुजींनी अदिती म्हणून हजेरी घेतली तेव्हा ती गप्प बसली आणि गैरहजर लागली. विहिरीवरच्या पोरांना कुठून तरी कळलं. ती "अभागी, अभागी" करत मागं लागली. बायजानं कळशी टाकून त्यांच्या आयांशी असं भांडण काढलं की वाडीतलं बोलणं बंद झालं. पण घरी आल्यावर पोर तिलाच म्हणाली, "तूच केलंस समदं. मी कोनाला हाका मारते ते तू इच्यारलंच नाय."

"तुजी बोली मना कलत नव्हती गो."

"कलायला पायजे व्हती."

नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडचं ते बोलणं बायजानं ऐकून घेतलं.

महिना झाला तरी जमुना परत आली नाही. काळुराम म्हणाला, "बग, सोडलं तिनं. तिचा संसार हाय, सासू असल. कशाला घेईल?" बायजा म्हणाली, "सोडलं नाय. माझे दारात पाय ठेवायचा नाय तिना." होळीला चार दिवस असताना तिनं पोरीचे दोन परकर, पाटी आणि चांदीचे वाळे एका फडक्यात बांधले. काळुराम आडवा आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "सहा वरीस मी बापूस झालो, आता तू एकटी ठरवतंस?"

"त्या टायमाला बी मी एकटीनंच ठरवलं," बायजा म्हणाली. "तुमी बैल सोडलं फकस्त."

तो बाजूला झाला. थोड्या वेळानं त्यानंच गाडी जुंपली आणि वालधुनीपर्यंत सोडलं. पुढं यायला तो तयार नव्हता.

कॅम्प आता ओळखू येत नव्हता. बराकींच्या मधून दुकानं झाली होती. लोणची, बांगड्या, कापडं, लाकडी खेळणी. बायजानं पोरीचं बोट धरलं होतं. पोर मुकाट चालत होती. एवढ्यात मागून हाक आली, "अदी!"

पोर गर्रकन वळली. एक मुलगा आपल्या बहिणीच्या मागं धावत होता.

दहा पावलं गेली नाहीत तो एका दुकानातून आवाज आला, "अदी, हेडांह अचु!" पोर पुन्हा वळली. दुकानदार एका म्हातारीला बोलावत होता. नळावर बाया भांडत होत्या, त्यांच्यातही तेच. बराकीच्या खिडकीतून, गल्लीच्या टोकातून, पापड वाळत घातलेल्या खाटांमागून, चहूकडून तिचंच नाव येत होतं, आणि एकही हाक तिला नव्हती. दर वेळी पोरीची मान वळत होती. तिला ते थांबवता येत नव्हतं. शेवटी तिनं दोन्ही हातांनी कान दाबले आणि रस्त्याच्या मधोमध खाली बसली.

बायजा तिच्याशेजारी बसली. उचललं नाही. "रड," एवढंच म्हणाली.

पोपटीबाईचं नाव विचारत त्या जमुनाच्या बराकीपाशी पोचल्या. गोणपाटाच्या पडद्यामागं दोन खोल्यांचा संसार होता. सासू खाटेवर सुपारी कातरत होती. जमुना बाहेर आली, बायजाला बघून तिचा चेहरा दगडासारखा झाला.

बायजानं फडकं तिच्यापुढं ठेवलं. "सोमवार नाय आज," ती म्हणाली, "पन आनलीय. ठेवायची तं ठेव. नाय तं माझेकडं हायच. पन या खेपेला तिना इच्यार. मी इच्यारलं नव्हतं."

जमुनानं सासूकडे बघितलं. सासूनं अडकित्ता खाली ठेवला आणि सिंधीत काहीतरी विचारलं. दोघींचं बराच वेळ चाललं. कधी आवाज चढला, कधी उतरला. पोर दोघींच्या तोंडांकडे बघत होती. मग सासूनं उठून एका वाटीत शेवया आणल्या आणि पोरीच्या हातात दिल्या.

पोरीनं वाटी धरली, खाल्लं नाही. जमुनाला म्हणाली, "मना हाक मार."

"सभागी."

"आनखी."

"सभागी. सभागी, अच."

"म्हंजे काय?"

"भाग्याची. तू झालीस त्या साली बाबांचं दुकान चाललं. म्हणून."

पोरीनं त्यावर विचार केला. "मी भाग्याची कुठं हाय?" ती म्हणाली. जमुनानं बहिणीच्या कपाळावरचे केस मागं सारले, आणि पोरीनं ते सारू दिले. मग बायजाकडे न बघता पोर म्हणाली, "मी ऱ्हाते हितं. बगते."

बायजा एकटीच परत आली. काळुराम वालधुनीपाशी गाडी घेऊन थांबला होता. त्या वर्षी त्यांच्या दारात होळीची पोळी झाली नाही. आवडाबाईनं पावसाळ्यात अंथरूण धरलं. तापात ती चंद्रभागाला हाका मारायची, धोंडूला मारायची, अदीला मारायची. सुनेला दर वेळी सांगावं लागायचं, त्यातलं कोण गेलंय आणि कोण नुसतं लांब आहे.

जमुनानं बायजाला माफ केलं नाही. तसं ती कधी म्हणालीही नाही. पण भातकापणीच्या वेळी ती पोरीला घेऊन मानपाड्याला आली आणि बांधावरच उभी राहिली. बायजानं पाणी धाडलं, ते तिनं परत पाठवलं. संध्याकाळी येते, एवढं सांगून ती डोंबिवलीच्या बाजूला गेली. पुढच्या वर्षीही तसंच झालं. पाणी मात्र त्या खेपेला तिनं घेतलं. घरात ती कधी आली नाही.

पोर आली की दिवसभर राबायची. ती उंच झाली होती. कॅम्पातल्या शाळेत तिला सभागी म्हणत. इथं आजी पोरी म्हणायची, काळुराम काहीच न म्हणता तिच्या हातात विळा द्यायचा. बायजा अजून अडखळायची. हाक मारायची वेळ आली की ती उठून तिच्यापर्यंत चालत जायची आणि खांद्याला हात लावायची.

त्या दुसऱ्या वर्षी दोघी पेंढ्या बांधत होत्या तेव्हा पोरीनं मध्येच विचारलं, "आये, बायजा म्हंजे काय?"

"काय नाय. बाय झाली म्हनून बायजा. आमचेत कोन इच्यार करतं?"

"कोनी ठेवलं?"

"आयनं नाय ठेवलं. आय माजी बालंतपनातच गेली. सुइनीनं ठेवलं असल. नायतं आत्यानं." बायजा थांबली. तिनं आयुष्यात कधी हे कुणाला विचारलं नव्हतं, आणि सांगू शकणारं आता कुणी उरलं नव्हतं. "म्हायती नाय गो मना."

पोर पेंढीची गाठ आवळत तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी अदीला इच्यारते. तिना नावांचं खूप म्हायती हाय." आणि दुसरी पेंढी ओढून घेतली. बांधावर पांढरी ओढणी दिसायला अजून अवकाश होता. अर्धं खाचर बांधायचं राहिलं होतं.